चालून दाखवा, काका

सोलापूरच्या नव्या पेठेत सकाळी माझ्या आधी फक्त झाडूवाल्या बायका यायच्या. दुकानांची शटरं खाली असायची, चहावाला अजून दूध आणायला गेलेला असायचा, आणि मी मात्र कापडदुकानाच्या ओट्यावर माझ्या मशीनमागं बसलेला असायचो. संध्याकाळी शेठ कुलूप लावून स्कूटरवरनं गेले, शेजारपाजारची दुकानं बंद झाली, की मग मी उठायचो. मधल्या वेळात उठायचं नाही. पाणी कमी प्यायचं, म्हणजे उठावं लागत नाही. एक बाई दहा-बारा वर्षं माझ्याकडं साड्या टाकायच्या. एकदा म्हणाल्या, "तुम्ही कधी जागेवरून हलतच नाही हो, लई मन लावून काम करता." मी म्हणालो, "व्हय की."

मी मल्लिनाथ. साड्यांना फॉल-पिको करतो. वय बावन्न. गाव अक्कलकोटजवळ. दोन वर्षांचा असताना ताप आला, उतरला, आणि उतरताना उजवा पाय घेऊन गेला. तेव्हापासून मी असा चालतो: उजव्या हाताचा पंजा उजव्या मांडीवर दाबायचा, गुडघा मागं ढकलून ताठ करायचा, आणि मग पाऊल टाकायचं. हात काढला की गुडघा दुमडला आणि मी खाली. प्रत्येक पावलाला कमरेतून वाकावं लागतं. मागून हे कसं दिसतं ते मला चांगलं माहीत आहे, कारण शाळेतल्या पोरांनी ते मला चालून दाखवलं होतं.

म्हणून मी ठरवलं होतं, चालताना कुणाला दिसायचं नाही.

सरकारी दवाखान्यातल्या थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "काका, हे सगळं लिहून काढा. तुमच्यासारखे बरेच येतात, आणि तुमच्यासारखेच गप्प बसतात." मी म्हणालो, मला टाका घालता येतो, लिहायला कुठं येतंय. पण मुलगी कुर्डुवाडीला शाळेत शिकवते, ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही लिहा, चुका मी बघते." आता मागं सरायला जागाच राहिली नाही.

साडी किती जड असणार

खांदा दुखायला लागला त्याला आता तीन वर्षं होतील. आधी भांग पाडताना कळ यायची. मग शर्टाच्या बाहीत हात घालताना. मग त्या कुशीवर झोपता येईना. मी बाम चोळला. महानंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, विटकर तापवून फडक्यात गुंडाळून शेक दिला. शेवटी पेठेतल्या एका डॉक्टरांकडं गेलो.

त्यांनी विचारलं, "जड काही उचलता का?"

"नाही हो डॉक्टर. फॉल-पिकोचं काम. साडी किती जड असणार?"

गोळ्या दिल्या. वर्षभरानं दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलो, त्यांनीही तेच विचारलं आणि मीही तेच सांगितलं. देवाशपथ सांगतो, मी खोटं बोलत नव्हतो. पन्नास वर्षं, पावलापावलाला अख्ख्या अंगाचा भार त्या एका खांद्यावर टाकत होतो, पण ते ओझं आहे हेच कधी डोक्यात आलं नाही. स्वतःचं अंग कुणी ओझ्यात धरतं का?

आणि दोघांनीही मला बसलेलाच बघितला. ती करामत सलीमची आणि माझी. सलीम आमच्या गल्लीतला रिक्षावाला. रोज पहाटे मला ओट्यापर्यंत सोडतो, संध्याकाळी घेऊन जातो. डॉक्टरांकडं आम्ही दवाखाना उघडायच्या आधी पोचायचो. नाव पुकारलं की सलीम मला काखेत धरून झटक्यात आतल्या खुर्चीत बसवायचा, तोवर डॉक्टर मान खाली घालून आधीच्याची चिठ्ठी लिहीत असायचे. मान वर केली की समोर एक बसलेला माणूस, खांदा दुखतोय म्हणणारा. एकदा सलीम म्हणाला सुद्धा, "मामू, डाक्टर को पाँव का बी बोलो ना." मी म्हणालो, "पाय कुठं दुखतोय? गप बस."

मग एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात गेलो. तिथं एमआरआय करा म्हणाले. काउंटरवरची मुलगी बोलायला लई गोड. आधी रक्कम भरावी लागेल म्हणाली. महानंदानं विचारलं, "नंतर दिली तर चालंल का?" ती मुलगी अजून गोड हसली. आम्ही उठलो. बाहेर उन्हात आल्यावर महानंदा म्हणाली, "गारवा लई छान होता बघा आत. तेवढा फुकट मिळाला." मला हसू आलं.

मॅडमचा डबा

शेवटी सरकारी दवाखाना. रांग व्हरांड्यातनं बाहेर आलेली. डॉक्टर पोरसवदा, डोळे झोपेनं लाल. त्यांनी हात फिरवून बघितला, बसल्या बसल्याच, आणि दहा दिवस शेक घ्या म्हणून थेरपीच्या खोलीत पाठवलं. मी त्यांना दोष देणार नाही. जे मी लपवून ठेवलं होतं, ते त्यांनी कुठून शोधायचं?

थेरपीची खोली मागच्या बाजूला. तिथंही मी माझी पद्धत चालू ठेवली. खोली उघडायला शिपाईबाई यायच्या, त्यांच्याबरोबर आत जाऊन बाकावर बसायचो. शेक, मशीन, दोरी ओढायचा व्यायाम, सगळं बसून. मग बाकीचे पेशंट गेले, मॅडमची पाठ वळली, की बाहेर बोळातल्या बाकावर जाऊन बसायचो. मॅडम विचारायच्या, "काका, जायचं नाही का?" मी म्हणायचो, "रिक्षावाला यायचाय." रिक्षावाला दारात बिडी ओढत असायचा.

सहाव्या दिवशी मॅडम कुलूप लावून गेल्या आणि मी त्या लांब बोळातनं दाराकडं निघालो. बोळ रिकामा होता. हात मांडीवर, वाक, पाऊल. हात मांडीवर, वाक, पाऊल. अर्ध्यात आलो असेन, मागनं आवाज आला, "थांबा!"

मॅडम डबा विसरल्या होत्या. तो न्यायला परत आल्या होत्या.

मी भिंतीला टेकलो. चोरी पकडल्यावर होतं तसं झालं मला. त्या जवळ आल्या. माझ्या तोंडाकडं बघेनात, हाताकडं बघत होत्या.

"हा हात रोज असाच ठेवता?"

"हां."

"किती वर्षांपासून?"

"पन्नास असतील."

त्या तिथल्या बाकावर मटकन बसल्या. "आणि मी सहा दिवस तुमचा खांदा शेकतेय," म्हणाल्या. "अहो काका, सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंच नाही."

"तुम्ही उभे राहिला असता तर विचारलं असतं की!" त्यांचा आवाज चढला होता. मग एकदम खाली आला. "चला माझ्याबरोबर. सरांना दाखवायचं."

मी म्हणालो, उद्या येतो. त्या म्हणाल्या, उद्या तुम्ही येणार नाही. बाईंनी मला सहा दिवसांत पुरता ओळखला होता.

ओपीडीत गर्दी तशीच होती. तोच पोरसवदा डॉक्टर. मॅडम म्हणाल्या, "सर, यांना बसवून तपासू नका. चालायला सांगा." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "चालून दाखवा, काका."

अख्खी रांग बघत होती. लेकरं कडेवर घेतलेल्या बाया, प्लास्टरवाले, काठीवाले. आयुष्यात मला कुणी असं सांगितलं नव्हतं. लोक "बसा बसा" म्हणतात, "राहू द्या" म्हणतात. चालून दाखवा कुणी म्हणत नाही. रांगेतली एक म्हातारी पुढच्या माणसाला म्हणाली, "सरक की रं बाबा, जागा दे त्येंना." आणि त्या लोकांनी मधनं वाट केली.

मी गेलो आणि आलो. कुणी हसलं नाही. एकानं जांभई दिली. खरं सांगतो, त्या जांभईनं मला जितका धीर दिला तितका कुणाच्या शब्दानं दिला नसता.

डॉक्टर म्हणाले, "परत एकदा." मी परत गेलो आणि आलो. त्यांनी माझा जुना कागद फाडला आणि नवा लिहायला घेतला.

काडीचं वजन नको

एमआरआय तिथंच झाला, तीन आठवडे थांबून, सरकारी योजनेत, फुकट. खांद्याचा स्नायू हाडाला जिथं चिकटतो तिथं दोर झिजावा तसा झिजून फाटला होता. डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं. आता ऑपरेशन करून शिवता येईल. उशीर केला तर फाटलेलं टोक आत आखडून जाईल, मग शिवता येणार नाही. शिवणातलं मला कळतं. काठ उसवत गेला की पुढं धरायला कापडच राहत नाही, तसं मी त्यांना म्हणालोही.

"करा की मग," मी म्हणालो.

"त्यानंतर चार महिने या हातावर काडीचंही वजन नको."

"मग मी चालू कसा?"

डॉक्टरांनी चित्र बाजूला सारलं. मग म्हणाले, "व्हीलचेअर."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमचं घर म्हणजे दीड खोली, बोळातनं सायकल गेली तर माणसानं भिंतीला चिकटायचं, दाराला दोन पायऱ्या. व्हीलचेअर काय डोक्यावर ठेवू? ऑपरेशन केलं तर चालणं गेलं, नाही केलं तर हात गेला आणि हाताबरोबर चालणं गेलंच. मी तसाच उठून घरी आलो आणि सगळा राग महानंदावर काढला.

ती कडक भाकरीचं काम करते. एका हॉटेलला भाकऱ्या देते. पहाटेपासून थापायच्या, भाजायच्या, निखाऱ्याकडंला उभ्या करून वाळवायच्या. माझं ऐकत थापत होती. "अवो, घिऊ की खुर्ची. चार महिन्याचा तर प्रश्न हाय," म्हणाली.

मी ओरडलो, "तुला काय जातंय बोलायला? लोक बघणार मला. तुला कोण बघतंय?"

तिनं पिठाचे हात परातीतच ठेवले.

"मला कोण बघतंय? लगीन झाल्यापास्नं तुमी मला म्हणतासा, तू हो पुढं. बाजारात तू हो पुढं, देवळात तू हो पुढं, लग्नाकार्यात तू हो पुढं. पंचवीस वर्षं मी नवऱ्याच्या पुढं चालतीय. बायका काय म्हंत्यात ठाव हाय? माजलीय म्हंत्यात. सासूबाईनी पयल्या वर्साला इचारलं, नवऱ्याच्या पुढं का पळतीस गं? मी काय सांगणार? म्हणलं, सवय हाय माझी." तिचा आवाज फाटला. "तुमाला कुणी बघू न्हाय म्हणून मला सगळ्यांनी बघितलं. आता साकु."

साकु म्हणजे पुरे. ती माहेरच्या कानडीत बोलायला लागली की मी गप्प बसतो. पण त्या दिवशी गप्प बसलो ते भीतीनं नव्हे. पंचवीस वर्षांत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी तिला पुढं घालत होतो म्हणजे माझी लाज तिच्या अंगावर घालत होतो. मला माझीच शिसारी आली.

तव्यावरची भाकरी करपली. ती मीच खाल्ली.

विहिरीतलं लोखंड

वाट मॅडमनी काढली. "आधी कॅलिपर, मग ऑपरेशन," म्हणाल्या. कॅलिपर म्हणजे पायाला बांधायचा साचा. गुडघा तो धरून ठेवतो, हाताची गरज राहत नाही. "लहानपणी कधी घातला नव्हता का?"

मी नाही म्हणालो. हे मात्र साफ खोटं होतं.

सहा वर्षांचा असताना एका शिबिरात मला कॅलिपर मिळाला होता. लोखंडी सळ्या, चामडी पट्टे, खाली काळा बूट. मापाला एकदा आणि आणायला एकदा, असं दोन वेळा आमच्या वडलांनी मला खांद्यावर बसवून गावापासून फाट्यापर्यंत आणि तिथनं एसटीनं सोलापूरला आणलं होतं. त्या कॅलिपरचा खडखड आवाज यायचा. पोरं ओरडायची, "टांगा आला, टांगा आला!" मी दीड महिना घातला आणि एका दुपारी तो मळ्यातल्या विहिरीत टाकून दिला. घरी सांगितलं, शाळेतनं कुणीतरी चोरला. वडील पुढच्या शिबिराला परत गेले. तिथल्या लोकांनी एका पोराला एकदाच मिळतो म्हणून सांगितलं. वडील हात हलवत परत आले आणि मला म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाळा, हात हाय की."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. वडील गेले तेव्हाही नाही. मॅडमना दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आता आवाज येत नाही त्याचा," एवढंच म्हणाल्या, "प्लास्टिकचा असतो."

पण प्लास्टिकच्या कॅलिपरला अपंगत्वाचा नवीन दाखला लागतो. माझा जुना कागद चालेना. दाखल्यासाठी तपासणी दुसऱ्या मजल्यावर. चेष्टा नाही करत. ज्यांना चालता येत नाही त्यांनी चालता येत नाही हे दाखवायला दोन जिने चढायचे. माझ्या पुढं एक माणूस दोन्ही हातांवर अंग ओढत चढत होता. पायरीवर थांबून मला म्हणतो, "पावनं, वर पोचलो तर नापास करतील का हो?" आम्ही दोघं जिन्यात बसून इतकं हसलो की खालनं लोक बघायला लागले. वर गेल्यावर शिपाई म्हणाला, "मागं लिफ्ट हाय की." आम्ही विचारलं, चालू हाय का? "न्हाय," म्हणाला.

त्या जिन्यावर एक गोष्ट झाली. मी सवयीनं महानंदाला म्हणालो, "तू हो पुढं." ती म्हणाली, "न्हाय. पडलासा तर कोण धरंल?" आणि लगीन झाल्यापासून पहिल्यांदा ती माझ्या मागनं आली. माझी मान गरम झाली होती. प्रत्येक वाकण्याला वाटायचं, बघतीय. वरच्या पायरीवर दम खायला थांबलो तेव्हा मी विचारलं, "कसं दिसतंय?"

"काय कसं दिसतंय? सदरा फाटलाय पाठीला. सांगायचं न्हाय का, टाका घातला असता."

दाखल्याला महिना गेला. मापाला, साच्याला अजून तीन आठवडे. इकडं डॉक्टर म्हणत होते, फार लांबवू नका. ते दिवस वाईट गेले. मशीनवर बसायचो आणि सारखा खांदा चाचपायचो, अजून किती उसवलं असेल. मॅडम स्वतः साचा करणाऱ्या मिस्त्रींना दिवसाआड विचारत होत्या. हे त्यांचं काम नव्हतं. ज्याला अशी एक बाई भेटत नाही त्याचं काय होत असेल, हा विचार अजूनही माझा पिच्छा सोडत नाही.

कॅलिपर आला एकदाचा. पांढरा, हलका, पँटच्या आत जाणारा. दोन समांतर दांड्यांच्या मधे मला उभं केलं. मॅडम म्हणाल्या, "हात काढा."

निघेना. हात मांडीवर चिकटल्यासारखा बसला होता. गुडघा धरलेला आहे हे डोक्याला कळत होतं, हाताला कळत नव्हतं. मॅडमनी माझं एकेक बोट उचललं. मी पडलो नाही. घामानं भिजलो होतो, पण उभा होतो. हात नुसता खाली लोंबत होता. त्याला काय करायचं तेच मला समजेना, म्हणून खिशात घातला. मॅडम इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतनं पाणी आलं. माझ्याही आलं, पण मी हसत नव्हतो.

माझ्या जागेवरची बाई

ऑपरेशनबद्दल जास्त सांगत नाही. गुंगी उतरली तेव्हा हात छातीला बांधलेला होता आणि डॉक्टर म्हणत होते, "शिवलंय काका. काठ मिळाला." मी त्यांना शिवणाचं सांगितलं होतं ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

भीती वाटली ती वॉर्डाची. वॉर्डात लपायला जागा नसते. सकाळी सहाला दिवे, मग चहा, मग सिस्टरची सुई, मग फरशी पुसणारी मावशी, "पाय वर घ्या" म्हणत. संडास दुसऱ्या टोकाला. म्हणजे रोज चार वेळा सगळ्या खाटांसमोरनं मिरवत जायचं. पहिल्या दिवशी मी सगळे झोपायची वाट बघत कळ काढली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, "काका, जाताय तर नर्सला सांगा की, माझी सलाईन संपलीय." बस, एवढंच. तिसऱ्या दिवसापासून मी वॉर्डाचा निरोप्या झालो. कुणाचं पाणी, कुणाची चिठ्ठी. मी चालतो हे त्या वॉर्डात कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. माझी पन्नास वर्षं कशात गेली, असं वाटून मी एक दिवस नुसता पडून राहिलो.

घरी महानंदानं भाकऱ्या दुप्पट केल्या. माझी बटणं तीच लावायची, भाकर तीच चुरून द्यायची. मी चिडायचो, ती चिडायची. एकदा तिनं माझी बटणं एक घर चुकवून लावली आणि मी दिवसभर तसाच बसलो, मुद्दाम, तिला दिसावं म्हणून. संध्याकाळी ती म्हणाली, "लई शाना हाईस," आणि आम्ही दोघं हसलो. ती मला अरे-तुरे करत नाही. तेवढं एकदाच.

सगळ्यात मोठा घोर जागेचा होता. नव्या पेठेत ओटा मोकळा दिसला की चार जण टपलेले असतात. सलीमनं एक दिवस फोटो काढून आणला. शेठनी माझ्या स्टुलावर दुकानातली प्लास्टिकची बाई बसवली होती, साडी नेसवून, मशीनवर हात ठेवून. सलीम म्हणाला, "मामू, तुमारे से अच्छा काम करती. बोलतीच नै." चार महिने ती बाई माझी जागा धरून बसली होती. शेठना मी अजून नीट धन्यवाद म्हणालेलो नाही. म्हणायला गेलो की ते कापडाचा तागा उलगडायला लागतात.

भर बाजारात

आता हात डोक्याच्या वर जातो. पूर्ण नाही, पण भांग पाडता येतो. काम सुरू झालंय. सकाळी दहाला जातो, सगळी दुकानं उघडल्यावर. सलीमला कोपऱ्यावरच सोडायला सांगतो आणि तिथनं चालत जातो. अजून डुलतो. कॅलिपर घातला म्हणजे मी काही धावत सुटलो नाही. पहिल्या दिवशी त्या साडीवाल्या बाईंनी बघितलं. "अगं बाई, तुम्ही असे…" म्हणाल्या आणि थांबल्या. मी म्हणालो, "व्हय, असाच." त्यांनी पिशवीतनं साडी काढली. मोरपंखी होती, तिला तसाच फॉल हवा होता.

कुणाचं अंग वर्षानुवर्षं दुखत असेल आणि गोळ्यांनी राहत नसेल, तर एवढंच करा: डॉक्टरांसमोर उठून उभे राहा. तुम्ही कसे चालता, कसे बसता, पाणी कसं भरता, ते करून दाखवा. लाज वाटेल. वाटू दे. रांगेतला कुणीतरी जांभई देईल.

परवा संध्याकाळी महानंदा भाकऱ्या पोचवून परस्पर पेठेत आली. ऐन गर्दीची वेळ, लग्नसराई, रिक्षा, हातगाड्या, माणसाला माणूस चिकटलेलं. मी मशीन झाकलं आणि उठलो. ती सवयीनं पुढं निघाली.

मी हाक मारली, "महानंदा, थांब की."

ती वळली. मी गर्दीतनं चालत तिच्यापर्यंत गेलो. सात-आठ पावलं असतील. ती बघत उभी होती. नजर वळवली नाही तिनं आणि मीही खाली बघितलं नाही. बाजूला जाऊन उभा राहिलो.

"चल," म्हणालो. "बरोबर चल."

तिच्या दोन्ही हातांत ओझं होतं. एका हातात रिकामी टोपली, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. तिनं माझ्या उजव्या हाताकडं बघितलं. तो मोकळाच होता. डॉक्टरांनी अजून वजन उचलायला मनाई केलीय, हे तिला पाठ आहे. तिनं टोपली काखेत धरली, पिशवीत हात घातला, कोथिंबिरीची जुडी काढली आणि माझ्या हातात दिली.

"धरा," म्हणाली. "कोथमीर किती जड असणार?"